कवेपेक्षा कमी नको

घाटात गाड्या चढायला लागल्या नव्हत्या, माणसं पायांनीच डोंगर ओलांडायची, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या माथ्यावर दगडी झोपडी होती. माथा म्हणजे उघडा कातळ. झाड नाही, झुडूप नाही, आणि पौषातला वारा असा की माणसाचे दात वाजायचे थांबायचे नाहीत. म्हणून वाटसरूंसाठी झोपडीत शेकोटी असायची. लाकडं मात्र खालच्या रानातून वर न्यावी लागायची.

त्यासाठी जुन्या माणसांनी नेम घालून दिला होता. चढणाऱ्यानं लाकडं आणायची, ती आपल्या कवेत मावतील त्यापेक्षा कमी नकोत. शेकणाऱ्यानं जाळायची, ती एका कवेपेक्षा जास्त नकोत. एवढंच. धडधाकट गडी दीड कव आणायचा आणि अर्धीच जाळून वाटेला लागायचा. म्हातारं माणूस आपल्या बारक्या कवेनं आणायचं, कडेवर पोर असलेली बाई रिकामीच यायची. तरी कोपऱ्यातला ढीग छपराला टेकलेला असायचा.

पायथ्याच्या गावात एक माणूस राहायचा. संशय त्याच्या अंगात असा मुरलेला की दुधात पाणी नसलं, तर 'आज का नाही घातलं?' म्हणून गवळ्याला अडवायचा. गावानं त्याचं नाव शंकोबा पाडलं होतं. एकदा माथ्यावर शेकत बसला असताना त्यानं एका म्हाताऱ्याची चिमुकली मोळी पाहिली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. हात आखडून घेतले की कवही आखडते. मग असं किती जण करत असतील?

तो पंचांकडे गेला. म्हणाला, "झोपडी लुटली जातेय."

"ढीग तर छपराला लागलाय की," पंच म्हणाले.

"तेच तर. ढीग आहे म्हणून कुणाला कळत नाही."

पंच कंटाळले. "तुला एवढी काळजी, तर तूच बस जाऊन राखण करत."

तो बसला. जाताना बुरुडाकडून वेताचं एक कडं वळवून घेतलं. येणाऱ्याची मोळी त्या कड्यात घट्ट बसली पाहिजे. सैल बसली की माणूस चोर. आणि कड्यात मावलीच नाही, तर चोराहून वाईट.

एक कुंभारीण वर आली. डोक्यावर मडक्यांची उतरंड, पाठीला मोळी. मोळी काही कड्यात शिरेना.

"जास्त का आणलीस?" शंकोबानं विचारलं.

"वाटेत वाळकं पडलं होतं. आणलं."

"उगाच कोण आणतं, बाई? परतीला दुप्पट जाळायचा बेत असेल."

"परतीला मी थांबतच नाही. मडकी विकली की पाय आपोआप पळतात."

"मग तुझं कुणीतरी मागून येत असणार."

"मागून वारा येतोय. त्याला आत घे, नाहीतर दार लाव."

त्यानं जास्तीची लाकडं तिला दरीत टाकायला लावली.

जाळण्याचंही तसंच. कुणी अर्धीच मोळी जाळून उठला, की "राहिलेली कुणासाठी ठेवतोस?" म्हणून त्याला परत बसवायचा. नेमातला 'पेक्षा' हा शब्दच त्यानं काढून टाकला. कडंभर आणा, कडंभर जाळा. एक काडी इकडं नाही, एक काडी तिकडं नाही.

लोकांच्या मनाला ते लागलं. वाटेत वाळकं लाकूड पायाशी आलं, तरी कुणी वाकेना. वाकून करायचं काय, वर जाऊन चोर ठरायचं?

आणि ढीग उतरू लागला. शंकोबाला काही उमजेना. कडंभर आत येतं, कडंभर जळतं, मग ढीग खाली जातो कसा? नक्की चोरी. आता तो झोपडी सोडेचना. मेंढपाळाची घोंगडी झटकून बघायचा, बायकांच्या टोपल्यांत डोकवायचा. एक साधू डोळे मिटून बसला, तर 'हा मिटल्या डोळ्यांनी काय बघतोय?' म्हणून त्याच्यावरच नजर ठेवून बसला. पहारा चोख, शेकोटी धगधगीत, आणि ढीग रोज खाली.

असंच एके दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा कोसळल्या. कुंभारीण झोपडीतच अडकली होती. ढिगाच्या जागी चार काटक्या उरल्या होत्या. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली, नखशिखांत भिजलेली. शंकोबाचीच लेक ठकू. बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली होती. सोबतच्या दिराला मागं टाकून ती पळत वर आली होती. पदरात तान्ही मुलगी. पोरीचे ओठ निळे पडलेले, आणि ती रडत नव्हती.

शंकोबानं चारही काटक्या आगीत घातल्या. भर्रकन जळून गेल्या.

"कुंभारीणबाई, थोडी लाकडं दे."

"कुठून देऊ? कडंभर आणली, कडंभर जाळली. तूच मोजलीस." असं म्हणत तिनं पोरीचे ओले कपडे काढले, तिला छातीशी धरलं आणि वरून आपलं लुगडं गुंडाळलं. "ठकूबाई, तू पाठीमागून मला बिलग. तिच्यापर्यंत वारा पोचता कामा नये."

ठकू थरथरत म्हणाली, "बाबा, ढीग कुठं गेला? लहानपणी मी त्याच्यावर चढायचे."

"चोरीला गेला. चोर सापडत नाही."

"येणारे आणतात ना?"

"कडंभर. मी मोजतो."

"आणि जाळतात किती?"

"तेवढीच. एक काडी जास्त नाही."

"मग तुम्ही? तुम्ही रोज इथंच शेकता. तुम्ही किती आणता?"

'मी राखणदार आहे' असं म्हणायला शंकोबानं तोंड उघडलं आणि त्याची नजर खाली गेली. वाटसरूंच्या बाजूला राख होती ती चिमूटभर. त्याच्या बसायच्या दगडाभोवती घोट्याएवढी साठली होती.

तो तसाच गारांत पळत सुटला. वाटेत मेंढपाळ मोळी घेऊन चढताना भेटला.

"गड्या, तेवढी मोळी पळत वर ने. सगळी जाळ."

मेंढपाळानं दोन पावलं मागं घेतली. "सगळी? आणि मोजणार नाहीस? काय डाव आहे तुझा?"

"डाव नाही रे. नात गारठलीय."

मेंढपाळानं मोळी पाठीवर घट्ट केली. मग पळाला. शंकोबा खाली रानात उतरला, हाताला लागेल ते वाळकं गोळा केलं आणि पाठ वाकेल एवढं ओझं घेऊन वर आला. झोपडीच्या जवळ त्याला आतून रडणं ऐकू आलं, चिडलेलं, खणखणीत. ओझ्यासकट तो कातळावर बसला आणि ते रडणं ऐकत राहिला.

त्यानंतर तो रोज लाकडं घेऊन चढायचा आणि ठेवून परत खाली यायचा. एकदा एक वाटसरू भलीमोठी मोळी घेऊन दारात चाचरत उभा होता. म्हणाला, "बाबा, लाकडं जरा जास्त झालीत."

शंकोबा म्हणाला, "कमी नाहीत ना? मग आत ठेव."

तात्पर्य एवढंच: कमीत कमी किती द्यावं आणि जास्तीत जास्त किती घ्यावं, हे नेम सांगतो. त्यापुढची मोकळी जागा माणुसकीची असते. संशयानं ती बुजवू नये. आणि दुसऱ्याचं मोजायला बसणाऱ्यानं आधी स्वतःचं मोजावं.