भोंग्याचं दुसरं तोंड

“…मग अजून किती वाढवू, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद चुलीवरचा चहा ढवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आता किती हाय?”

“आहे तेवढी सगळी ताकद लावलीय. शेवटचा आकडा.”

“मग वाढवशील कुठनं?”

शलाकाने लॅपटॉपवरचा आकडा पुन्हा तपासला.

उस्तादांनी तीस वर्षं बिनतारी संदेशाची चाकरी केली होती. आता ते धरणाच्या फुगवट्याकाठी, टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत. इंटरनेटची तार त्या टेकडीपर्यंतच आली होती. पुढे पाणी, आणि पाण्यापलीकडे उपकेंद्र. तिथे मंदा सिस्टर एकटी. दर बुधवारी गरोदर बाया तिथे जमत आणि शहरातले डॉक्टर पडद्यावरून त्यांच्याशी बोलत. गेले दोन बुधवार पडदा काळाच राहिला होता. उद्या तिसरा.

हे जोडून द्यायचं काम शलाकाने अंगावर घेतलं होतं. ती इंजिनिअर होती, पहिल्या वर्गात आलेली, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

“सिस्टरच्या टॅबवर फुल रेंज दिसतेय,” ती म्हणाली. “म्हणजे आपलं तिकडे पोचतंय. तरी जोडणी होत नाही. मी तर हद्दसुद्धा ओलांडली.”

“कसली हद्द?”

“कायद्याची. खांबावरचं वायरलेस यंत्र ठरावीक ताकदीपुढे जाऊ देत नाही. मग मी त्याला देशच बदलून सांगितला. जिथे जास्त चालतं तो.”

उस्ताद हसले. “माझ्या चुलीपाशी बसून परदेश गाठलास व्हय गं? पासपोर्ट कुनी इचारला न्हाई?”

“कामासाठीच केलं ना.”

“तुझ्या ह्या जोरानं खालच्या शाळेचं नेट कालपासनं बंद हाय. गुरुजी येऊन गेले सकाळी.”

शलाकाचा चेहरा उतरला. मान मात्र ताठच.

“शाळा दोन दिवस थांबेल, उस्ताद. पोटुशी बाई कशी थांबेल?”

“खरं हाय.”

त्यांनी चहा उतरवला. दारामागून पत्र्याचा भोंगा काढला. पलीकडच्या नावाड्याला हाळी द्यायला अलीकडच्या काठावर घरोघरी असा एक असतो.

“सिस्टरला इचार, उद्या किती बाया येनार.”

शलाकाने भोंगा तोंडाला लावला. तिचा आवाज पाण्यावरून गेला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. उपकेंद्राच्या ओट्यावर पांढरी साडी दिसली. सिस्टरने हात वर केला, काहीतरी म्हणाली.

काही ऐकू आलं नाही.

शलाकाने पुन्हा विचारलं, जीव खाऊन. सिस्टर पुन्हा बोलली. नुसते हात हललेले दिसले.

“अहो, तिला मोठ्यानं बोलायला काय होतंय?”

“तिची छाती तेवढीच हाय, बाय.”

शलाकाने तिसऱ्यांदा भोंगा उचलला. उस्तादांनी तो तिच्या हातातून घेतला. उलटा केला. रुंद तोंड पाण्याकडे, अरुंद तोंड कानाला. आणि डोळे मिटून उभे राहिले.

पलीकडे सिस्टरचे हात पुन्हा हलू लागले.

“सहा,” ते म्हणाले. “त्यातली एक आत्ताच येऊन बसलीया. पाय सुजल्यात, डोळ्यांफुडं अंधारी येतीया. डॉक्टरला इचारल्याबिगर सुई कशी देऊ, म्हनती.”

सुजलेले पाय आणि अंधारी म्हणजे काय, हे शलाकाला चांगलं ठाऊक होतं. तिची धाकटी मावशी त्यातच गेली होती. तिला भीती वाटली आणि स्वतःची लाजही वाटली.

ती खोलीमागे गेली. तिथे उस्तादांची जुनी जाळीची अँटेना उभी होती, तिच्यावर वालाचा वेल चढवलेला. पहिल्या दिवशी शलाकाने तिला भंगार म्हटलं होतं. आता ती वेल सोडवू लागली. हाताला घाई होती, तरी शेंगा तुटू न देण्याइतकं भान राहिलं.

“हिला तिकडचं बारीकही ऐकू येईल,” जाळी खांबावर चढवत ती म्हणाली, “पण ही लावली तर ताकद पुष्कळ उतरवावी लागेल. हद्द दोन्हींची मिळून धरतात. यंत्राची आणि जाळीची.”

“मग उतरव.”

“आणि देश बदललेलाच ठेवू?”

“न्हाई. हाय त्यो सांग.”

“आणि एवढ्याशा ताकदीत पोचलंच नाही तर?”

उस्तादांनी गार होत आलेला चहा पिऊन टाकला.

शलाकाने जाळीचं तोंड उपकेंद्राकडे वळवलं. ताकद उतरवली. आकडा इतका बारका झाला की तिला स्वतःचीच कीव आली.

मग ती खोलीत आपल्या लॅपटॉपच्या पडद्यासमोर येऊन बसली. हात जोडायचे तेवढे राहिले होते.

आधी नुसते चौकोन. मग पांढरी साडी. मग सिस्टरचा दमलेला चेहरा, आणि तिच्या मागे खाटेवर एक तरुण बाई. सिस्टरने बोलावताच दुसऱ्या बाजूने डॉक्टरही आले. त्यांनी विचारलं, सिस्टरने सांगितलं. त्यांनी औषध सांगितलं, सिस्टरने लिहून घेतलं. मध्ये एकदाही खंड पडला नाही.

तासाभराने सिस्टर पुन्हा पडद्यावर आली.

“ताई, सुई दिली. रक्तदाब उतरायला लागलाय. बाळाचे ठोके पण चांगले लागतायत. डॉक्टर म्हणाले, सकाळच्या लाँचने आणा. आणि ताई, एक सांगायचं होतं…”

शलाकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती उठली, उस्तादांचे दोन्ही हात धरले.

“उस्ताद! पोचला! एवढ्याशा ताकदीत माझा आवाज…”

उस्तादांनी आपले हात हळूच सोडवून घेतले आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

“बस खाली. तिचं बोलून झालं न्हाई अजून.”