समुद्रापलीकडचा राजा आणि अर्जुनावरची वानरी

मोठ्या वणव्याला अकरा वर्षे पुरी झाली होती आणि बाराव्याचा मार्गशीर्ष लागला होता. पहाटे गवतावर दव पडे, दुपारचे ऊन अंगाला बरे वाटे. त्या वर्षी एका जंगलातल्या पाणवठ्याकाठी, अर्जुनाच्या उंच झाडावर, एक वानरी राहत असे. तिच्या पोटाला बिलगलेले एक पिलू होते आणि तिच्यावर एका हरिणीचा उपकार होता.

उपकार असा. मागल्या वैशाखात पाणवठा आटून डबक्याएवढा झाला. वानरी पिलाला घेऊन पाण्यावर उतरली. पिलू दोन हात पुढे गेले. पलीकडे एक हरिणी पाणी पीत होती. तिने एकदम मान वर केली, वारा हुंगला, पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि जीव खाऊन ओरडली. वानरीने पिलू उचलले आणि झाड गाठले. झुडपातून फाटक्या कानाचा बिबट्या झेपावला. हरिणी मुकाट पळून गेली असती तर तिला ओरखडाही आला नसता. ती ओरडायला थांबली, म्हणून तिच्या मांडीवर नखांचे तीन वळ उठले. ते पुढे कधी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वानरी खालच्या फांदीवर येऊन म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"फेडायचं काय त्यात?" हरिणी म्हणाली. "तू वर असतेस, तुला लांबचं दिसतं. मी खाली असते, मला वास येतो. तू बघ, मी हुंगते. माझंही पाडस येईल पावसाळ्यात."

तेव्हापासून दोघींचे ठरले. बिबट्या दिसला की वानरीने "खक्!" अशी एकच हाक द्यायची आणि हरिणांनी मागे न बघता पळायचे. ही हाक दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. रोज सकाळी वानरी शेंड्याची पहिली कोवळी डहाळी तोडून खाली टाकी. हरिणी ती खाई. पावसाळ्यात पाडस झाले, मग तेही खाऊ लागले. वानरी हरिणीला "खालची" म्हणे, हरिणी तिला "वरची" म्हणे. याहून वेगळी नावे त्यांना लागली नाहीत.

मार्गशीर्षात थंडीचे पाहुणे आले. त्यांत एक परीट पक्षी होता. त्याची शेपटी क्षणभर थांबत नसे. त्याने बातमी आणली.

"समुद्रापलीकडं एक भलं मोठं अरण्य आहे," तो म्हणाला. "तिथं दर चार वर्षांनी राजा निवडतात. औंदा हत्ती आणि गाढव उभे आहेत. चिखलफेक म्हणजे काय, ती तिथं बघावी!"

"तू पाहिलीस?" हरिणीने विचारले.

"मी कशाला? मला बदकानं सांगितलं. बदकाला एका समुद्रपक्ष्यानं सांगितलं. आणि तो म्हणे त्या अरण्यावरून उडाला होता. रात्री."

त्या जंगलात हत्ती कोणी पाहिलेला नव्हता. गाढव एकदा रस्ता चुकून आले होते, तेवढेच. तरी बातमी ऐकून अख्खे जंगल तापले. रानडुकरे हत्तीच्या बाजूची झाली. साळिंदर गाढवाच्या बाजूचे झाले आणि डुकरांशेजारी कंद उकरायचे त्याने सोडले. सातभाई म्हणजे करड्या रंगाचे सात पक्षी; ते एकत्र चरत, एकत्र कलकलाट करत आणि थंडीत एकाच फांदीवर अंगाला अंग लावून झोपत. ते चार आणि तीन असे फुटले. चौघे एका फांदीवर, तिघे दुसरीवर. तिघांना थंडी जास्त वाजे, पण सांगणार कोण?

त्या जंगलात एक चाल होती. कोणाचे बोलणे पटले की ऐकणाऱ्याने त्याच्या झाडाखाली एक वाळके पान आणून टाकायचे. वर्षातून चारदोन पाने कोणाच्या वाट्याला आली तर फार.

एके सकाळी वानरी शेंड्यावरून सहज बोलली, "राजा तिकडचा असो की इकडचा, मोठ्यानं ओरडणाऱ्याला निवडला की पस्तावा होतो." बोलणे बरे होते. संध्याकाळपर्यंत अर्जुनाखाली चाळीस पाने पडली.

वानरीने खाली पाहिले. चाळीस! तिला रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आणखी बोलली. परीट नवी खबर आणी, ती तिच्यावर मत देई. हत्तीने काय करावे, गाढवाचे कुठे चुकले, ऐकणारे किती मूर्ख आहेत, सगळे. एक दिवस डुकरे पाने टाकीत, एक दिवस साळिंदर टाकी. सातभाई भांडत भांडत दोन्हीकडून टाकीत. ढीग गुडघाभर झाला, मग कमरेएवढा. पण एक अडचण होती. सगळे बोलत, त्यात तिचा आवाज बुडून जाई.

एक आवाज मात्र बुडत नव्हता.

"खक्!" वानरी ओरडली. "खक्! खक्!"

जंगल गप्प झाले. हरिणांचा कळप उधळला आणि करवंदीच्या जाळ्यांत घुसला. वानरी म्हणाली, "ऐका! तिकडं हत्तीनं गाढवाला चोर म्हटलं!"

थोड्या वेळाने हरिणी परतली. पाडस मागून एक पाय उचलून लंगडत येत होते. पायात काटा मोडला होता.

"वरची, बिबट्या कुठं होता?"

"बिबट्या नव्हता गं. त्याहून मोठं संकट आहे. समुद्रापलीकडं—"

"किती लांब?"

"परीट म्हणतो, उडत गेलं तर दोन महिने."

"मग आम्ही आजच का पळायचं?"

सातभाईंपैकी दोघे हसले. वानरीला ते झोंबले. "तुला जगाची काही पडलेली नाही," ती म्हणाली. "खाली मान घालून चरायचं, एवढंच माहीत!"

हरिणीने पाडसाचा पाय चाटला. "तू बोलतेस ते खोटं आहे असं मी कुठं म्हणते? बोल की. पण ती हाक आमची आहे. ती दुसऱ्याला देऊ नकोस."

वानरीने ऐकले नाही. त्या आठवड्यात तिने पाच वेळा हाक दिली. दुसऱ्यांदा कळप पळाला. तिसऱ्यांदा अर्धा पळाला. चौथ्यांदा फक्त माना वर झाल्या. पाचव्यांदा एक म्हातारे हरीण गवत चघळत म्हणाले, "आज कोण पडलं, हत्ती की गाढव?" आणि सगळी हसली. हरिणी हसली नाही. ती रोज सकाळी अर्जुनाखाली येऊन उभी राही. डहाळी पडत नसे. ती थोडा वेळ वर बघे आणि जाई.

ढीग आता माणूसभर उंच झाला होता.

पौष लागला. एके दिवशी, ऊन कलले असताना, परीट शेंड्यावर येऊन बसला. वानरी त्याचीच वाट पाहत होती.

"काय म्हणतात तिकडं?"

"राजा निवडला म्हणे."

"ते असू दे. माझं म्हणणं पोचलं का?"

"कुठं?"

"त्या अरण्यात. मी इतके दिवस सांगते आहे. खाली पानं बघ केवढी पडलीत!"

परिटाची शेपटी हलायची थांबली. तसे कोणी कधी पाहिले नव्हते.

"बाई," तो म्हणाला, "या जंगलाचं नावसुद्धा तिकडं कुणी ऐकलेलं नाही."

तो उडून गेला. वानरी बसून राहिली. तिचे तोंड कडू झाले. आपल्या ढिगाकडे बघून बरे वाटेल म्हणून तिने मान खाली घातली. किती दिवसांनी तिने खाली नीट पाहिले होते, तिचे तिलाच आठवेना.

हरिणांचा कळप पाण्यावर येत होता. पाडस सर्वांत पुढे होते, अजून जरा लंगडत. आणि पानांचा ढीग वरखाली होत होता.

वारा नव्हता, त्यामुळे खाली वासही पोचत नव्हता. एकही फांदी हलत नव्हती. फक्त ढीग, अगदी सावकाश, श्वास घेतल्यासारखा उचलला जाई आणि बसे. मग वानरीला पिवळ्या पानांत पिवळी कातडी दिसली, पानांवरच्या काळ्या डागांत काळे ठिपके दिसले. एक कान वर आला. तो फाटका होता.

"खक्!" वानरी ओरडली. "खक्! खक्! खालची, पळ!"

एकाही हरणाने मान वर केली नाही.

"राजा निवडला वाटतं," म्हातारे हरीण म्हणाले आणि पाणी पिऊ लागले.

"अहो, खरंच बिबट्या आहे!"

"समुद्रापलीकडचा का?" वरच्या फांदीवरून सातभाईंतला एक म्हणाला.

पाडस ढिगापासून दहा हातांवर आले. वानरीच्या डोळ्यांपुढे वैशाखातले डबके उभे राहिले. असेच एक पिलू दोन हात पुढे गेले होते. त्या दिवशी कोणीतरी पळायचे सोडून ओरडायला थांबले होते. आज तिच्याजवळ ओरडायला आवाज होता, पण त्या आवाजाला किंमत उरली नव्हती. ती तिनेच घालवली होती.

तिने पिलाला पोटापासून सोडवून फांदीच्या बेचक्यात बसवले. "हलू नकोस," म्हणाली. आणि उडी घेतली.

वानर बिबट्या असलेल्या जमिनीवर उतरत नाही. ही उतरली, तीही नेमकी त्याच्या पाठीवर. चारी हातपायांनी तिने पाने उडवली. महिनाभराची पाने आकाशात गेली आणि ढिगाच्या जागी बिबट्या उघडा पडला.

त्याला ओळखायला हाक लागली नाही. हरिणीचा खूर आपटला, कळप उधळला, पाडस लंगडत का होईना पण आईच्या पुढे धावले. बिबट्या गर्रकन वळला. हाती आलेली शिकार गेली होती, म्हणून त्याने समोर होती तिच्यावर पंजा टाकला. वानरीने खोडाला मिठी मारली आणि वर सरकली. खाली तिच्या शेपटीचा वीतभर तुकडा राहिला.

शेंड्याच्या बारीक फांद्यांना बिबट्याचे वजन पेलत नाही; तो थोडा वेळ झाडाभोवती फिरला आणि निघून गेला. उघड्यावर तोही थांबत नाही.

मग सातभाईंपैकी तिघांतला धाकटा म्हणाला, "ही उडी हत्तीच्या बाजूची का गाढवाच्या?" उरलेल्या सहाही जणांनी मिळून त्याला चोचींनी झोडपले. त्या थंडीत पहिल्यांदाच त्या सहा जणांचे एकमत झाले होते. त्या संध्याकाळी ते सातही एका फांदीवर झोपले.

दुसऱ्या दिवशी दव वाळण्याआधी हरिणी अर्जुनाखाली आली. पाडस बरोबर होते. पाने पाणवठ्याभर पांगली होती, काही चिखलात रुतून काळी पडली होती. परीट एका दगडावर बसून शेपटी हलवत होता. त्याच्याकडे नवी खबर होती, पण कोणी विचारली नाही.

शेंड्यावरची पहिली कोवळी डहाळी खाली पडली. पाडस ती खाऊ लागले.

"वरची," हरिणीने हाक मारली.

"काय गं, खालची?"

"शेपूट दुखतं का?"

"दुखतं. पण बसायला काही अडत नाही." वानरी थोडी खाली सरकली. "खालची, मी तुझं..."

"फिटलं," हरिणी म्हणाली आणि पाणी प्यायला वळली. वानरीने शेंडा गाठला, पाठ खोडाला टेकली आणि पाण्याच्या दोन्ही काठांवर नजर ठेवली.

तात्पर्य : दूरच्या राजावर मत जरूर असावे, पण ज्याने आपला जीव राखला त्याच्यासाठीची हाक त्यावर उधळू नये; आणि वेळ आली की उपकार शब्दांनी फिटत नाहीत, तिथे स्वतः उतरावे लागते.