सोजरबाईचा हुंकार

“गेलेला गळा परत येतो का, बाबा?”

लिंबाजीनं हे फकिराच्या मठीच्या, म्हणजे तकियाच्या, ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. हबीबशा फकीर चहात पाव बुडवत होते. विरघळून पडायच्या आत त्यांनी तो खाऊन घेतला.

“कुणाचा गेला?”

“आक्काचा.”

खालच्या पायरीवर त्याची ही मानलेली आक्का, सोजरबाई, पाठ करून बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. लिंबाजीनं आणलं म्हणून आली होती, एवढंच.

लिंबाजी एकतारी शिकला तो याच ओट्यावर. हात गोड, आवाज उंच, आणि दोन्हींची त्याला जरा जास्तच जाण. कुठल्याही भजनी मंडळानं त्याला उभं केलं नाही, तेव्हा रागानं त्यानं जिल्ह्याच्या गावी स्वतःचाच मेळावा सुरू केला. ज्यांच्यामागं मंडळ नाही, बुवा नाही, अशी गाणारी माणसं वाड्यावस्त्यांवरून हुडकायची आणि नाट्यगृहात आणून बसवायची. काम खरोखर चांगलं होतं. त्यावर पोसलेला त्याचा ताठाही चांगलाच होता.

मागच्या मेळाव्यात सोजरबाईचा आवाज पहिल्याच कडव्याला चिरकला. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. त्यानंतर ती गायलीच नाही. मेळाव्यात नाही, रानात नाही, नातवाला झोपवतानासुद्धा नाही. आणि यंदाचा मेळावा उद्यावर आला होता.

“डाक्टरला दावलं?”

“दावलं. म्हणला, गळ्याला काहीच झालं न्हाई.”

“मंग?”

“मंग काय... ही म्हणती, देवानं दिलता, देवानं नेला.”

लिंबाजी फकिराजवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, “म्याच हिला हुडकून आणलं, बाबा. आन् म्याच हिचं गाणं बुडवलं. झोप लागंना मला.”

फकिरानं कप खाली ठेवला. “तुझा मेळावा कसा असतो, सांग की जरा.”

मेळाव्याचं नाव निघताच लिंबाजीची पाठ आपोआप सरळ झाली.

“पयलं माझं नमन. मंग एकामागं एक समदे. मधी खंड न्हाई. इजेवरचा तंबोरा चालूच ऱ्हातो.”

“तार कवा लावता?”

“तिथं कोण लावत बसंल? खुंट्या पिळायला लागलं की शहरातले लोक खोकायला लागतेत. समद्यांच्या तारा म्या आधीच एका सुरात लावून ठिवतो.”

“कोणत्या?”

“नमनाच्या.”

“म्हंजी?”

“म्हंजी... माझ्या.”

...

समजावून सांगायचा फकिरांना कंटाळा. लिंबाजीच्या खांद्यावरची एकतारी त्यांनी काढून घेतली, एकदा छेडली, आणि त्याच्याच मांडीवर ठेवली.

“बाई, घरी शेळी हाय?”

“हाय.” सोजरबाईनं मान वळवली नाही.

“धार कोण काढतं?”

“मीच की. दुसऱ्या कुणाला उभी ऱ्हात न्हाई.”

“तुला कशी ऱ्हाती?”

सोजरबाईला हसू आलं असावं, कारण पदर जरा हलला. आता हे काय विचारणं झालं? पण फकिराला नाही कसं म्हणायचं. तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि हवेतच धार काढू लागली.

“हं... हं माझी बाय... हं...”

जाड, खालचा, मऊ आवाज. शेळी असती तर खरंच उभी राहिली असती.

फकिरानं लिंबाजीचा हात धरून खुंटीवर ठेवला. लिंबाजीनं सवयीनं खुंटी आवळली. फकिरानं नकारार्थी मान हलवली. मग लिंबाजीनं ती ढिली केली. तार उतरली.

“आणखी?”

“मला काय इचारतोस? तिकडं ऐक.”

“हं... हं...”

लिंबाजी तार उतरवत गेला. त्याच्या सुरापासून इतकी खाली जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. कान पुढं, डोळे मिटलेले, बोट तारेवर. आपण कुणापुढं बसलोय हेही तो विसरला. खाली, अजून खाली... आणि एका जागी तार आणि हुंकार एकमेकांत असे बसले की कुठला कुणाचा ते कळेना.

सोजरबाईचे हात थांबले.

एकतारी वाजत राहिली. थोड्या वेळानं, कुणी न सांगता, तिनं मागच्या वर्षी अडलेलं तेच कडवं उचललं. वर गेली. चिरकली नाही. परत गेली, खात्री करून घ्यायला. तिथं आवाज होता. कुठं गेलाच नव्हता.

ती पूर्ण गायली. मग पहिल्यांदा वळून बसली. पदर मागं सरकला होता.

“माझाच हाय की हो,” ती म्हणाली, आणि मोठ्यानं हसली. हसता हसता डोळे पुसू लागली.

लिंबाजीला एकदम हलकं वाटलं. वर्षभर छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं होतं. त्यालाही रडू आलं, आणि ते लपवावं असं काही वाटलं नाही.

“उद्या हरेकाची तार म्या लावून देतो,” तो म्हणाला. “तिथंच, समद्यांसमोर, त्याच्या त्याच्या गळ्याला. लोक खोकले तर खोकू द्या.”

फकिरानं थंड झालेला चहा पिऊन टाकला.

सोजरबाई पायरी उतरून वाटेला लागली. पाठमोरी ती अजून गुणगुणतच होती. लिंबाजी मात्र तिथंच घुटमळला. एकतारी खांद्याला लावली, परत काढली.

“पण बाबा... मंग नमन ऱ्हायलं. समद्यांच्या तारा लावत बसलो, तर म्या गायचं कवा?”

...

“आत्ता तार लावताना गायलास की.”