भिवरा कुंभारणीचं गिराण

ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. खोटी असेल तर सांगणाऱ्याच्या घरचं पाण्याचं मडकं या घटकेला फुटो. तसं मागं एकदा सांगता सांगता ते फुटलं होतं, पण ते मांजरानं पाडलं, त्याचा गोष्टीशी संबंध नाही. आणि ज्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याच तोंडून ही ऐकलेली आहे. तो माणूस हे घडल्यावर साठेक वर्षांनी जन्मला, एवढंच. पण नजर फार तीक्ष्ण होती त्याची.

तर फार फार वर्षांमागं काळखडी गावात, नदीच्या वळणाला, पाच घरांचा कुंभारवाडा होता. काळखडीची माती अशी की भिजवून ठेवली तर रात्रीतून आपणच मडक्याचा आकार घ्यायची, असं म्हणतात. आणि त्या काळची रीत अशी की चांदाला गिराण लागलं, म्हणजे ग्रहण लागलं, की घरातलं पाणी विटाळलं, आणि पाण्याबरोबर मडकंही. प्रत्येक घर आपली मडकी उंबऱ्याबाहेर आणून फोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गाव नव्या मडक्यांसाठी कुंभारवाड्यात. गावाचं सुतक तो कुंभारांचा सण. चार कोसांवरचे अनंतभट जोशी दर पाडव्याला येऊन वर्षाचं पंचांग ऐकवायचे. त्यात गिराण निघालं की गाव सुस्कारा टाकायचा आणि पाचही घरं हसत हसत चिखल तुडवायला लागायची.

पण कान्हू कुंभाराच्या घरात पंचांगाच्याही पुढचं एक गुपित होतं, आणि ते सासूकडून सुनेकडे जायचं. कान्हूची आई म्हाळसा. तिनं ते आपल्या सुनेला, भिवराला, सांगितलं तेव्हा भिवरा अकरा वर्षांची होती आणि तिचं लक्ष चिंचेच्या बोटकांत होतं.

म्हाळसा म्हणाली, "चांद म्हंजी देवाच्या घरचं मडकं, पोरी. वापरून वापरून कच्चं पडतं. मग देव त्याला परत आव्यात भाजतो, म्हणून ते तांबडं हुतं. अन् आव्याची पाळी ठरल्याली असती. अठरा संक्रांती मोजायच्या, वर अकरा दिस धरायचे, की त्योच आवा परत लागतो."

"मग मधली गिराणं, आत्याबाई?"

"ती दुसऱ्या आव्यांची. देवाचा कुंभारवाडा मोठा हाय. आपल्याला एकाची पाळी ठावी हाय, तेवढी सांभाळायची."

म्हाळसा स्वतः नवी नवरी असताना, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, पौषातल्या पुनवेला सांजेच्या वेळी चांद डोंगरामागून वर आला होता तोच तांबडा. त्याच्या पुढच्या वर्षापासून ती दर संक्रांतीला एक सुगड फळीवर उपडं ठेवत आली. अठरावं सुगड ठेवलं आणि वर अकरा दिवस जास्तीचे धरून एका रात्री तिनं सुनेला उठवून अंगणात आणलं. रात्र पार कलली होती. चांद माथ्यावरून मावळतीकडे झुकलेला, आणि भाजत्या मडक्यासारखा लाल. भिवराच्या हातातली चिंच गळून पडली. त्या दिवसापासून फळीवरची सुगडं तिची झाली.

म्हाळसा पुढं वारली. भिवरा मोठी झाली, घराची कारभारीण झाली. मडकं थापावं तर तिनंच. तिच्या थापट्याखालून निघालेल्या घागरीत उन्हाळ्यात पाणी इतकं गार व्हायचं की प्यायल्यावर माणसाला घोंगडी लागायची, असं म्हणतात. आणि मग अठरावी संक्रांत आली.

त्या वर्षीच्या पाडव्याला अनंतभटांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा आपल्याकडे गिराण नाही. भिवरा तिथंच उभी होती. ती मनात म्हणाली, भटजीबाबांच्या पंचांगात नसेल, माझ्या फळीवर आहे. आणि तिच्या डोक्यात आलं की बारा गावांचे कुंभार पंचांगाच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसणार. गिराण लागलं की बारा गावं मडकी फोडणार आणि नवी शोधत काळखडीला येणार. तिनं पाचही घरांना पटवलं. कान्हूनं चाक फिरवून फिरवून हात सुजवून घेतले. माळावरचं सगळं जळण आव्यात गेलं, त्या थंडीत गावाला शेकोटीलाही काटकी मिळाली नाही. मडक्यांचा ढीग असा झाला की त्याच्या सावलीत बैलगाड्या सोडायचे.

पुनवेच्या सांजेला सगळा गाव नदीकाठी जमला. भिवरानं सांगून ठेवलं होतं, सांज ते पहाट, कधीही लागेल. चांद वर आला. घासलेल्या परातीसारखा लख्ख. वर चढला, माथ्यावर आला, मावळतीला गेला, आणि त्याच्यावर डागसुद्धा पडला नाही. कुणाच्या घरी काही फुटलं नाही. उजाडायच्या आत लोक जांभया देत घरी गेले, आणि जाताना एकजण म्हणाला, "भिवराबाय, देवाचं जळण संपलं वाटतं. तुम्हीच जाळलंत की सगळं."

चार दिवसांनी अनंतभट आले. ते हिणवायला आले नव्हते, त्यांना कोडं पडलं होतं. भिवरानं त्यांना फळी दाखवली, सासूचं सगळं सांगितलं. भटजी अंगणात बसून बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "भिवरा, तुझी सासू खोटं बोलली नाही. गिराण लागलं होतं. पुनवेच्या दिवशी सकाळी, ऊन चढल्यावर. चांद तेव्हा आपल्या पायाखाली होता. ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांनी फोडली असतील मडकी."

भिवरानं विचारलं, मग आधी दोनदा कसं दिसलं? भटजींनी तिलाच विचारलं, कधी दिसलं ते आठव. पहिलं सांजेला. दुसरं रात्र कलल्यावर. आणि हे तिसरं सकाळी. भटजी म्हणाले, दर वेळी हा पाव्हणा दिवसाचा तिसरा हिस्सा उशिरानं येतोय.

अंगणात कान्हूचं चाक होतं. चाकाच्या कडेला दांडा घालायची एक खोबण असते. भिवरा उठली, खोबण आपल्या पायासमोर आणली, चाक तिसरा हिस्सा फिरवून थांबवलं. मग अजून तिसरा हिस्सा. मग अजून. खोबण परत तिच्या पायासमोर आली.

"म्हंजी पुढचं सांजेला," ती म्हणाली. "आत्याबाईंनी बघितलं तसंच, डोंगरामागून."

"हो. पण अठरा वर्षांनी. तोवर मी नसेन."

"मी हाय की."

आणि तेव्हा तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे गुपित घरात किती पिढ्यांचं होतं कुणास ठाऊक. म्हणजे तिच्याआधीही कुणी ना कुणी सासू अशीच तोंडघशी पडली असणार. पण त्या सासूनं ते लाजेनं गिळलं, आपलंच मोजणं चुकलं म्हणाली, आणि सुनेला फक्त दिसलेली गिराणं सांगितली. तिसऱ्या पाळीची चूक घरात पुरली गेली. भिवरा म्हणाली, मी नाही पुरणार.

बाकीची चार घरं म्हणत होती, मडकी मिळेल त्या भावानं फुंकून टाकू, नाहीतर खापरं करून आव्यावर पसरू. भिवरानं सगळ्यांची मडकी आपल्या अंगावर घेतली आणि बदल्यात चारही घरांचा चिखल तीन वर्षं तुडवून दिला. ढीग तिनं हलवू दिला नाही. ही मडकी ज्या गिराणाची आहेत, त्याच गिराणाला जातील. कान्हू महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मग एके सकाळी उठला, बाभळीचे काटे तोडून आणले आणि ढिगाभोवती कुंपण घातलं.

अठरा वर्षं म्हणजे काय असतात, ते भिवराला विचारावं. ढिगावर गवत उगवलं, घारीनं घरटं केलं, वरच्या थरातल्या मडक्यांत चिमण्या नांदल्या. ढीग चार गावांवरून दिसायचा आणि वाटसरू त्यावरून वाट शोधायचे. गावात बोलच पडला. पाऊस लांबला, की 'भिवराचं गिराण'. जावई बायकोला न्यायला, मुळाला, आला नाही, की 'भिवराचं गिराण'. जे कधी यायचं नाही, ते सगळं भिवराच्या नावावर. तिच्या लेकीला बघायला आलेले पाव्हणे ढिगाकडे बघून पाणी न पिता माघारी गेले. लेकीला शेवटी नदीपल्याड तीन मुक्कामांवर द्यावी लागली. भिवरा कुणाशी भांडली नाही. संक्रांत आली की एक सुगड फळीवर ठेवायची.

अनंतभट म्हणाले होते तसेच गेले. त्यांच्यामागं पंचांग ऐकवायला कुणी येईना. शेजारच्या गावांनाही कुणी जोशी उरला नाही. अठरावी संक्रांत आली तेव्हा भिवराचे केस पिकले होते. ती घरोघर सुगडं द्यायला गेली आणि प्रत्येक उंबऱ्यावर सांगून आली की माघी पुनवेला सांजेला चांद तांबडाच उगवेल, नव्या मडक्यांची सोय करा. बायांनी सुगडं घेतली आणि पदरात तोंड लपवलं. कुंभारवाड्यातल्या चार घरांनी तर त्या महिन्यात मुद्दाम चाकच फिरवलं नाही.

माघी पुनवेला नदीकाठी भिवरा होती आणि तिच्याजवळ कान्हू. तिसरं कुणी नव्हतं. सूर्य बुडाला. डोंगराची कड उजळली, पण पांढरी नाही. आणि मग चांद वर आला, आव्याच्या तोंडातून काढावा तसा, लालभडक, कडेला नुसती राख. त्याचा उजेड ढिगावर पडला आणि अठरा वर्षं गप्प बसलेली ती मडकी आपणच घुमायला लागली, आधी एक, मग शंभर, मग सगळी. तो घोर नाद ऐकून गाव घराबाहेर आला, आणि लोकांना कळेना की चांद डोंगरावर आहे की ढिगावर, कारण दोन्हींचा रंग एक झाला होता. असं म्हणतात.

गिराणाबद्दल कान्हू इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. "भाजलं गं नीट," एवढंच म्हणाला.

मग रीतीप्रमाणं गावानं मडकी फोडली. बारा गावांनी फोडली. आणि सकाळी बारा गावांत पाणी भरायला एक भांडं नव्हतं. कुंभारवाड्यात चार घरांची चाकं कोरडी, आणि कुंपणाआड तो ढीग. लोक रांगेनं आले. पुढं पाटील होते. त्यांनी पागोटं काढून भिवराच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाले, "बाई, गाव चुकला."

भिवरानं पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "चुकला न्हाई, पाटील. उतावळा झाला. एकदा मीबी झाले हुते."

आणि तिनं स्वतःच्या हातानं कुंपणाचे काटे बाजूला सारले. बारा गावांना मडकी पुरली, असं म्हणतात.

आता काळखडीत मडकी फोडायची रीत कुणी पाळत नाही, पण प्रत्येक घरात माळ्यावर एक कोरं मडकं उपडं ठेवलेलं असतं. त्याला भिवराचं मडकं म्हणतात. ते एरवी भरायचं नाही. चांदाला ग्रहण लागून सुटलं की ते खाली काढतात, पहिलं पाणी त्यात भरतात, आणि त्याच दिवशी दुसरं कोरं माळ्यावर चढवतात. घरातली थोरली बाई धाकटीला अठरा आणि अकराचा हिशेब सांगते, आणि तिसऱ्या पाळीला चांद दिसत नाही हेही सांगते. ते न सांगणं तिथं पाप समजतात. आणि कुणी शब्द दिला, पण उशीर लागणार असला, तर काळखडीचा माणूस म्हणतो, "भिवराचं गिराण आहे, येईल."

आता उरलं ते कबूल करून टाकावं. मडकी घुमली की नाही, घार घरटं करत होती की नाही, यावर वाद घालायची तयारी आहे. अठरा वर्षं वाट बघण्याबद्दल, फळीबद्दल, कुंपणाबद्दल तर वादच नको, ते खरं आहे. पण पाटलांचं पागोटं आणि ती माफी, ती मात्र पदरची घातलेली आहे. गावं माफी मागत नाहीत. लोक आले, मडकी उचलली, नदीवर भरली आणि घरी गेले. भिवरानं रिकामी झालेली जागा झाडून काढली, आणि दुसऱ्या दिवसाचा चिखल भिजत घातला.