झेडचं बटण

"मग देणार तरी कुणाला, बाई? त्या नंदाला? तिची एक ओळ लिहून होईपर्यंत चहा गार होतो."

"होऊ दे. चहा तिचा आहे."

शार्दूलचा पारा चढला. दूध संघाचं सगळं काम ज्या प्रोग्रॅमवर चालायचं, तो लोणकरबाईंनी एकटीनं उभा केला होता. पन्नाशी उलटल्यावर, कुणाच्या वर्गात न बसता. आता तो शार्दूल आणि नंदा या दोन शिष्यांपैकी एकाच्या हाती सोपवायचा होता. आणि हात तर शार्दूलचेच सगळ्यांत चपळ.

"शॉर्टकट तुम्हीच शिकवलेत. माऊस कपाटात कोंडून ठेवलात. आज एडिटरमध्ये माझा हात धरील असं कुणी आहे का तालुक्यात?"

"नाही."

"मग?"

"मग बस. म्हशीच्या दुधाचा दर बदलायचाय. गाईच्या दराला धक्का लागता कामा नये. कर."

बाई त्याच्याकडे पाठ करून पावटे सोलायला बसल्या.

शार्दूलची बोटं सुटली. 'दर' जिथं जिथं होता, तिथं तिथं एका फटक्यात बदलला... गाईचाही बदलला. मागे. पुन्हा बदल. पुन्हा मागे. पडदा नुसता लुकलुकत होता.

"थांब," बाई मान न वळवता म्हणाल्या. "करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मघापासून त्याच जोडीचा आवाज येतोय."

"कंट्रोल-झेड आहे ते. चुकलं की केलेलं रद्द होतं. त्यासाठीच असतं."

"हो, मलाच शिकव."

बाई उठल्या. अंबाड्यातला आकडा काढला, झेडच्या बटणाखाली सारला, आणि टक्कन बटण उपटून कनवटीला लावलं.

"हे काय, बाई?"

"काही नाही. कर आता."

शार्दूलचे हात कीबोर्डवर अधांतरी राहिले...

मग तो वाचू लागला. पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत. हा कोड त्यानं कितीदा तरी बदलला होता. वाचत मात्र आज होता.

पावटे संपत आले, तेव्हा कुठे बोटं हलली. नेमक्या ओळीवर एक उडी, एक बदल, लगेच सेव्ह. सगळं एका दमात, माऊसची आठवणही न काढता. आणि शांत.

म्हशीचा दर बदलला. गाय जागची हलली नाही.

बाईंनी वाकून पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला...

"उद्यापासून संघात तू बसायचंस. हाच कीबोर्ड घेऊन जा."

शार्दूलनं हात पुढे केला. "बटण?"

"ते राहू दे माझ्याकडे."

"असं कसं, बाई? तिथं चुकलो, तर मागे कसा येऊ?"

बाईंनी आकडा पुन्हा अंबाड्यात खोचला.

"चालत."