राष्ट्रपती अक्का आणि डोंगरातला ओढा

राजेरजवाडे संपून लोकांचं राज्य नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका लहानशा डोंगराळ देशात केवळाक्का नावाची बाई राष्ट्रपती झाली.

अक्कानं जन्मभर डोंगरातल्या वस्त्यांवर पोरं शिकवली होती. कुणाचं भांडण तिच्यापुढे आलं, की दोघंही शांत होऊन घरी जात. अक्का कुणाची बाजू घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून लोकांनी निवडून दिलेल्या सभेनं तिला राष्ट्रपती केलं आणि राजधानीतल्या जुन्या राजवाड्यात राहायला बोलावलं.

राजवाड्यात थाट मोठा. अक्का बाहेर पडली की तुतारी वाजे. सैन्य तिच्या नावानं चाले. प्रधान आणि मंत्री तिच्यासमोर शपथ घेत, आणि सभेनं केलेला कायदा तिच्या सहीशिवाय लागू होत नसे. अक्काला या सगळ्याचं अवघडल्यासारखं होई. पहारेकऱ्यानं खाडकन सलाम ठोकला, की ती हळूच विचारी, "जेवलास का रे?" बिचारा तसाच हात कपाळाला लावून उभा राही.

शपथ अक्कानंही घेतली होती, देशाची घटना सांभाळण्याची. घटना म्हणजे राज्य कसं चालवायचं, याचे सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम. राष्ट्रपतीनं मंत्र्यांच्या सल्ल्यानं वागावं, चुकत असतील तर त्यांना सावध करावं, असं त्यात होतं. एखादा कायदा पटला नाही तर तो एकदा परत पाठवावा. पण सभेनं तोच पुन्हा पाठवला, तर मात्र सही करावी.

एका उन्हाळ्यात राजधानीच्या विहिरी आटल्या. शहरात माणसं वाढली होती, प्यायला पाणी पुरेना. तेव्हा सभेनं ठरवलं, की डोंगरातला ओढा कालवा खणून शहराकडे वळवायचा. सगळाच्या सगळा, बारा महिने. तसा कायदा सहीसाठी अक्काकडे आला.

तो ओढा अक्काच्याच गावचा. त्याच्या पाण्यावर गावची भातखाचरं पिकत.

दुसऱ्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ भिवा गावकऱ्यांना घेऊन राजवाड्यात आला. अक्कानं सगळ्यांना सावलीत बसवलं, गूळ-पाणी दिलं. भिवानं पाण्याला हातही लावला नाही.

"अक्का, तू एवढी देशाची धनीण! फाडून टाक तो कागद."

"धनीण कसली रे? मला राखणीला बसवलंय," अक्का म्हणाली. "फाडता नाही यायचा मला. पण एकदा परत पाठवता येतो, तो पाठवते."

तिनं प्रधानांना बोलावून घेतलं. प्रधान माणूस चांगला, पण कामाच्या घाईत असलेला.

"अक्कासाहेब, शहरातली पोरं तहानलेली आहेत," ते म्हणाले.

"ते दिसतंय मला. त्यांना पाणी मिळायलाच हवं," अक्का म्हणाली. "पण तुमच्यातलं कुणी डोंगरावर जाऊन आलंय का? खाचरांना पाणी कधी लागतं, कधी लागत नाही, हे विचारलंय का तिथल्या माणसांना? सभेला माझा निरोप सांगा. एकदा जाऊन बघा, त्यांचं ऐका, मग काय ते ठरवा."

कायदा परत गेला. सभेतली काही माणसं डोंगरावर जाऊन आली, काहींनी मतही बदललं. पण उन्हाळा वाढत होता, शहरातले लोक रोज सभेच्या दारात घागरी आपटत होते. शेवटी थोड्याशा मतांच्या फरकानं तोच कायदा पुन्हा मंजूर झाला आणि अक्काकडे आला.

भर दुपारी भिवा पुन्हा आला. या वेळी एकटाच. त्याच्या पाठोपाठ सेनापती आत आले आणि अदबीनं म्हणाले, "अक्कासाहेब, सैन्य आपल्या नावानं चालतं. आपण नुसती मान हलवा. सभेला मी कुलूप लावतो. आपल्या माणसांवर अन्याय होऊ देणार नाही."

भिवाचे डोळे चमकले. "बघ अक्का! एका शब्दाचं काम आहे."

अक्कानं कागदाकडे पाहिलं. तिला आईची खाचरं दिसली, चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाया दिसल्या. एका शब्दाचं काम होतं, हे तर खरंच होतं.

"सेनापती," ती म्हणाली, "सैन्य माझ्या नावानं चालतं, पण प्रधान आणि मंत्री सांगतील तसं. आज तुम्ही माझ्या मायेपोटी कुलूप लावाल. मग ते कुलूप उघडायचं कधी, हे कोण ठरवणार? तुम्ही?"

सेनापती सलाम करून बाहेर गेले.

अक्कानं सही केली. सही करताना अक्षर वाकडं आलं. तिनं भिवासाठी पान वाढायला सांगितलं होतं, पण तो न जेवताच निघाला. दारातून म्हणाला, "आजपासून तू शहराची."

कालवा खणला, ओढा शहराकडे वळला, आणि त्या वर्षी डोंगरावर भात पिकला नाही. अक्कानं राजवाड्यात भात रांधायचं बंद केलं. कुणी कारण विचारलं, की म्हणे, "जात नाही गं घशाखाली." पण ती नुसती झुरत बसली नाही. प्रधान भेटायला आले, की दर वेळी डोंगराचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर घाली. प्रधान वैतागत, तरी ऐकून घेत. तिकडे भिवाही गप्प बसला नव्हता. तो वस्तीवस्तीवर फिरला, माणसं गोळा केली. निवडणूक आली तेव्हा डोंगरातून एक तरुण, धीट बाई सभेत निवडून गेली.

तिनं सभेला सांगितलं, "शहराला तहानलेलं ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. भात काढला की ओढा आम्हाला लागत नाही. तेव्हापासून पुढच्या पावसापर्यंत न्या की पाणी! फक्त भाताच्या दिवसांत आमचं आम्हाला द्या."

शहरातल्या माणसांनाही आता डोंगराची दशा कळली होती. सभेनं कायदा बदलला. त्याच्यावर अक्कानं सही केली, तेव्हा अक्षर सरळ आलं की नाही, हे तिला दिसलंच नाही. डोळे भरून आले होते.

पुढे अक्काची मुदत संपली. तिला गावी न्यायला भिवा बैलगाडी घेऊन आला. बहीणभाऊ बऱ्याच काळानं भेटत होते. राजधानी मागे पडली, तसा भिवा चिंतेनं म्हणाला, "अक्का, नवा राष्ट्रपती राजधानीतला आहे गं. ओढा शहराला देऊन टाका म्हणून ओरडणाऱ्यांत तोच पुढे होता. आता सगळं त्याच्या हातात. आपला कायदा फाडून टाकला तर?"

"त्याला नाही फाडता येणार."

"कशावरून?"

अक्का हसली. "मला आला होता का फाडता?"

भिवानं आपली घोंगडी बहिणीच्या पाठीशी खोचून दिली, तिला गचके लागू नयेत म्हणून, आणि बैल हळू हाकले.

गोष्टीचं तात्पर्य असं, की जो आपल्या माणसांसाठीसुद्धा अधिकाराची हद्द ओलांडत नाही, त्याच्यामुळेच उद्या परक्याच्या हाती अधिकार गेला तरी आपण निर्धास्त राहू शकतो.