झुपकीचा लाल दाणा

एक होती खार. इवलीशी. नाव तिचं झुपकी. चालायची म्हणून नाहीच कधी. सदा आपली टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

झुपकीला मिळाला घेवड्याचा दाणा. लाल लाल, पण वाळून कडक झालेला. खिडकीत बसून ती चावायला गेली. कट्! दाणा फुटेना. पुन्हा चावला. कट्! दाणा सटकला. खाली होती चूल. चुलीवर मडकं. मडक्यात पांढऱ्या घेवड्याची आमटी. दाणा पडला आत. डुबुक!

"अगं आई गं! माझा एकुलता एक दाणा! आणि भूक तर केवढी लागलीय!"

झुपकी खिडकीतूनच बोलली. चुलीजवळ जायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं हं!

"मडक्या मडक्या, दाणा दे ना."

"मी नाही देणार! दाणा अजून कच्चा. निखारा फुलेल, तर मी रटरटेन."

"निखाऱ्या निखाऱ्या, फूल ना. मडकं रटरटेना, दाणा मला मिळेना, मी खाऊ काय?"

"मी नाही फुलणार! राखेचं पांघरूण घेतलंय. झोप येतेय. फुंकणी फुंकेल, तर मी फुलेन."

फुंकणी होती कोपऱ्यात. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"फुंकणी फुंकणी, फुंक ना. निखारा फुलेना, मडकं रटरटेना, दाणा मला मिळेना, मी खाऊ काय?"

"मी नाही फुंकणार! मी तर नुसती नळी. हौसामावशी येईल, तर मी फुंकेन."

हौसामावशी होती अंगणात. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"मावशी मावशी, ये ना. फुंकणी फुंकेना, निखारा फुलेना, मडकं रटरटेना, दाणा मला मिळेना, मी खाऊ काय?"

"अगं बाई, मी कशी येऊ? ही छकुली बघ, कडेवरून उतरेना! ती हसेल, तर मी येईन."

छकुलीनं पसरलं होतं भोकाड. भ्याँऽऽ!

"छकुली छकुली, हस ना. मावशी येईना, फुंकणी फुंकेना, निखारा फुलेना, मडकं रटरटेना, दाणा मला मिळेना, मी खाऊ काय?"

छकुली म्हणाली, "मी नाई हशनाल! आधी तुनुक तुनुक कल!"

"हात्तिच्या! एवढंच?"

झुपकी नाचली, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

छकुली हसली, खुदुखुदु!
मावशी आली, लगबग लगबग!
फुंकणी फुंकली, फूऽऽ फूऽऽ!
निखारा फुलला, लालेलाल!
मडकं रटरटलं, रट रट, रट रट!

पण हळूहळू हं. घेवड्याला घाई चालत नाही. झुपकी बसली वाट बघत. छकुलीही बसली. घरभर सुटला घमघमाट.

मग मावशीनं वाटीत घातला एक दाणा. लाल लाल. फुंकर मारून गार केला.

"हा नाही माझा! माझा एवढुस्सा होता. हा केवढा!"

"तुझाच गं. शिजून फुगलाय. खा की!"

झुपकीनं चावला. कट् नाही, फट् नाही. मऊ मऊ लोणी! मावशीनं वर आणखी वाढली आमटी. झुपकीनं सगळी केली फस्त.

छकुली म्हणाली, "आता तुनुक कल!"

झुपकी उठली. पोट झालं होतं टुम्म. उडीच मारता येईना!

"टु... टु... टु..."

आणि छकुली हसली, खुदुखुदु!